परवाचं इंजेक्शन

१

लॅबचा लखोटा मंगळवारी सकाळी आला. बाईंनी तो फोडेपर्यंत अकरा वाजले, आणि साडेअकराला रेसकोर्सवरच्या एकूण एक माणसाला त्यात काय आहे ते ठाऊक होतं. तिथे घोड्यांपेक्षा माणसांची तोंडं जास्त वेगानं धावत.

बाई म्हणजे औषध-तपासणी विभागाच्या तपासनीस. शिक्षणानं जनावरांच्या डॉक्टर, स्वभावानं मास्तरीण. शर्यतीआधी किती दिवसांपर्यंत घोड्याला कुठलं औषध दिलेलं चालतं आणि कुठलं चालत नाही, हे तबेल्यांना सांगायचं त्यांचं काम. दिवसाकाठी चाळीसेक फोन येत. बाई एका हातानं रिसीव्हर धरायच्या, दुसऱ्या हातानं डायरीत लिहायच्या, आणि उत्तर दोनपैकी एक: "चालेल" किंवा "चालणार नाही." तबेल्यांतले लोक पाठीमागे त्यांना चालेलबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडंसं आवडतही होतं.

लखोट्यातला कागद चुळबुळीचा होता. कागदोपत्री या घोडीला भलंमोठं नाव होतं, पण एका जागी क्षणभर ठरायची नाही म्हणून सगळे तिला चुळबुळी म्हणत. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी ती शर्यत जिंकली होती, आणि आता तिच्या लघवीत सूज उतरवायच्या औषधाचा अंश निघाला होता. दोन लॅबनी तपासलं, दोन्हींनी एकच सांगितलं. प्रमाण पाहता औषध शर्यतीच्या चार दिवस आधी, म्हणजे बुधवारी, अंगात गेलं होतं. हे औषध पूर्वी तीन दिवस आधी बंद केलं तरी चालायचं. त्याच महिन्याच्या एक तारखेपासून नियम बदलला होता: सात दिवस.

"तबेल्याचं रजिस्टर काय म्हणतं?" साहेबांनी विचारलं. विभागाचे हे साहेब खुर्चीत बसले की एक पाय सारखा हलवत, आणि समोरच्या माणसाचं लक्ष त्या बुटाकडेच जाई.

"एकच इंजेक्शन. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यातल्या शनिवारचं, म्हणजे आठ दिवस आधीचं. ते नियमात बसतं. डॉक्टरांची चिठ्ठीही त्याच संध्याकाळी आपल्या फायलीत आलीय." बाईंनी डायरी उघडून पुढे सरकवली. "आणि सोमवारी तबेल्यातून फोनही आला होता. हे बघा."

बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: सोमवार, ११.१०. चुळबुळी. परवाचं सुजेचं इंजेक्शन. रविवारी शर्यत. चालेल.

"म्हणजे शनिवारचं सांगितलं आणि बुधवारचं गिळलं," साहेब म्हणाले. "ही डायरीच त्यांच्या गळ्याशी येणार. घोडीच्या दाराशी रात्रंदिवस कोण असतं? मोतद्दार. त्याचा गेट पास मी आत्ताच काढून घेतलाय. शुक्रवारी सुनावणी. तुमच्या सहीचा रिपोर्ट आला, की त्याला कायमचा बाहेर काढू. जन्मात कुठल्या तबेल्यात पाऊल टाकता येणार नाही."

"तपास व्हायच्या आधीच?"

"तपास करा की. तीन दिवस आहेत." साहेबांचा बूट हलतच होता. "फक्त शुक्रवारी उत्तर तयार पाहिजे."

२

मोतद्दार फाटकाबाहेर उभा होता. घोडीला धुणं, चारणं, फिरवणं हेच आयुष्यभर करत आलेला, साठीला टेकलेला माणूस. सगळे त्याला मामा म्हणत. बाईंना पाहून त्यानं हात जोडले, पण स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही.

"दाण्याला तोंड लावलं का तिनं, तेवढं बघून सांगाल का?"

बाई आत गेल्या. चुळबुळी आपल्या खणात या पायावरून त्या पायावर सारखी झुलत होती, आणि कडीला टांगलेली दाण्याची बादली भरल्या पोटानं तशीच होती. तिच्या जन्मापासून मामानं भरवलेलं. दुसऱ्याच्या हाताला ती तोंड लावत नव्हती. तिची ती झुलणी पाहून बाईंनाही एका जागी उभं राहवेना.

मागच्या भिंतीला लाकडी फळ्या होत्या, सगळ्या काळपट पडलेल्या. एक मात्र कोरी पांढरी.

"ही नवी कधी लागली?"

तबेल्याचा सगळा कारभार ट्रेनरची मुलगी बघायची. तिला सगळे ताई म्हणत. ती दारातच हाताची घडी घालून उभी होती. "त्या शनिवारी डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा लाथ घातली तिनं. सुई दिसली की घालतेच. मामा दात काढायला गेले होते, म्हणून एवढं रामायण झालं. सोमवारी सुतारानं फळी बदलली."

"मामा असले की नाही घालत?"

"ते कानात काहीतरी गुणगुणतात. मग डुलत उभी राहते."

"त्यानंतर दुसरी फळी तुटली का?"

"नाही." ताईनं उत्तर दिलं, आणि देऊन चुकल्यासारखी गप्प झाली.

"ताई, बुधवारी इथे काय झालं?"

ताईनं बाईंकडे असं पाहिलं, की बाईंना आपल्या साडीवर काही सांडलंय की काय असं वाटलं. "तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला सगळं माहीतच आहे."

टोमणा असणार. तपासनिसाला टोमणे रोजचेच, म्हणून बाईंनी तोही सोडून दिला. पण तो मनात कुठेतरी टोचत राहिला.

औषधांचा छोटा फ्रीज तबेल्याच्या ऑफिसात होता. कुलपाच्या किल्ल्या दोन, एक ताईकडे, एक मामांकडे. आतल्या कप्प्यात सुजेच्या औषधाचं पुठ्ठ्याचं खोकं होतं. बाईंनी ते उघडलं. त्यात कुपी ठेवायचे खण दोन होते.

दोन्ही रिकामे होते.

३

बुधवारी सकाळी डॉक्टर दवाखान्यात सापडले. तरुण, हुशार, आणि बाईंना पाहताच चष्मा पुसायला घेतलेले.

"एकच दिलं मी. शनिवारी."

"खोक्यात खण दोन आहेत."

चष्मा पुन्हा पुसला गेला. स्वच्छच होता तो.

"दुसरी कुपी तुम्ही तबेल्यात ठेवलीत. तसं ठेवायची परवानगी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लपवू नका, डॉक्टर. एका माणसाची भाकरी जातेय, आणि तिकडे घोडी उपाशी आहे."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "सूज उतरली नाही तर चार दिवसांनी दुसरा डोस, असं मी ठरवलं होतं. म्हणजे बुधवारी. पण मंगळवारपासून मला बाहेरगावी जायचं होतं, आणि तो नवा नियम लक्षात होता नव्हता असा. म्हणून ताईंना सांगून ठेवलं, की आधी तुमच्या हापिसाला फोन करून विचारा. नाही म्हणाले, तर कुपीला हात लावू नका. माझ्या जागी दुसरे डॉक्टर येऊन देतील, असं धरून चाललो होतो."

"ते डॉक्टर आले होते?"

"नाही. मी त्यांना विचारलं. त्यांना कोणी बोलावलंच नाही."

बाई तिथून ट्रेनरकडे गेल्या. आप्पा ऐंशीच्या घरातले, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसलेले. तो सबंध आठवडा ते दुसऱ्या रेसकोर्सवर होते, हे वीस जणांनी सांगितलं असतं.

"मला काही माहीत नाही," आप्पा म्हणाले. "पण जबाबदारी माझी लिहा. आणि मामाला आत सोडा. माझं लायसन्स काय करायचंय आता? घोडी वाळत चाललीय."

आरोप झटकणारे बाईंनी पोत्यानं पाहिले होते. अंगावर ओढून घेणारे प्रथमच भेटत होते, आणि त्यानं त्या जास्तच बेचैन झाल्या.

हापिसात परतून त्यांनी डायरी पुन्हा काढली. डॉक्टरांनी विचारायला सांगितलं होतं. ताईनं बुधवारच्या डोसबद्दल विचारलं असतं, तर बाईंनी "चालणार नाही" म्हटलं असतं आणि तसं लिहिलं असतं. त्यांनी त्या आठवड्याचं पान वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं. मग उलट, खालून वर वाचलं.

चुळबुळीच्या नावावर अख्ख्या आठवड्यात एकच फोन होता. सोमवारचा, शनिवारच्या इंजेक्शनबद्दलचा.

मग दुसरा फोन गेला कुठे?

४

गुरुवारी दुपारी बाईंनी मामांना हापिसात बोलावलं. मामा खुर्चीच्या अगदी कडेला टेकले, जणू खुर्चीवर बसायचीही परवानगी काढायची होती.

"मामा, मी बोलते, चुकलं तर अडवा. बुधवारी घोडीला दुसरी सुई टोचली गेली. शनिवारी तुम्ही नव्हतात, तर फळी फुटली. बुधवारी फळी शाबूत. इंजेक्शनं दोन, फळी एक. ज्याच्या हाताखाली ती लाथ घालत नाही, असा माणूस या रेसकोर्सवर एकच आहे."

मामांनी अडवलं नाही. म्हणाले, "गुडघा तापला होता तिचा. मीच दिलं."

"डॉक्टरशिवाय कोणी सुई हातात घ्यायची नाही, हे माहीत होतं?"

"होतं."

"मग बदली डॉक्टरांना का नाही बोलावलं?"

"बोलावणारच होतो. पण परका माणूस आला की ती भिंत फोडणार. आणि लाथ घालताना तोच दुखरा पाय मोडून घेतला असता तर?" मामांनी हाताचे तळवे पँटला पुसले. "चालेल म्हटलं की चालतं, असं वाटलं मला. एवढंच."

"चालेल असं कोण म्हणालं?"

मामांनी मान खाली घातली.

"ताई म्हणाली?"

"ताईला यात आणू नका." पहिल्यांदाच आवाज चढला. "तिनं काही केलं नाही. मला विचाराल तर मीच सगळं केलं, मनानंच केलं. लिहा तसं आणि माझा अंगठा घ्या, सही घ्या, काय हवं ते घ्या. फक्त घोडीला खायला घालणारं कुणीतरी बघा हो बाई."

साहेब दारात उभे राहून ऐकत होते. मामा गेल्यावर आत आले, खूश होते. "झालं की! कबुली मिळाली. लिहून टाका आणि घरी जा."

बाईंनी कागद ओढला, पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. सुई कोणी टोचली ते कळलं होतं. पण मामासारखा माणूस, घोडीला जपायला स्वतःचा जीव टाकणारा, चार दिवसांवर शर्यत असताना मनानं सुई मारेल? कोणीतरी "चालेल" म्हणालं होतं. ते कोण, हे सांगण्यापेक्षा हा माणूस जन्माचा बाहेर जायला तयार होता.

रिपोर्ट कोराच घेऊन त्या घरी निघाल्या.

५

घरी आई देवळात गेली होती. टेबलावर मिठाच्या बरणीखाली तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती: परवा मावशी.

एवढंच. आई चिठ्ठ्या लिहायची ती जणू शाई मोजूनमापून मिळते असं समजून. बाईंनी कपाळाला हात लावला. परवा, मंगळवारी, त्या लखोट्याच्या नादात आठ वाजता घरी आल्या होत्या. मावशी येऊन, वाट बघून, गेली असणार. गेल्या खेपेलाही असंच झालं होतं, आणि मावशीचा रुसवा महिनाभर पुरला होता. बाईंनी चप्पलही न काढता फोन लावला.

"मावशी, चुकलंच माझं. परवा तू आलीस आणि मी घरी नव्हते."

"आले? मी कधी आले?"

"अगं, आईनं चिठ्ठीत लिहिलंय की. परवा मावशी."

पलीकडे मावशी खो खो हसली. "बाळे, परवा यायचीय मी! शनिवारी! न झालेल्या भेटीची माफी मागणारी तूच गं एक."

बाईही हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या.

"मावशी, ठेवते."

"अगं, काय झालं?"

फोन ठेवलेला होता. बाईंनी पिशवीतून डायरी काढली. ते पान शोधायची गरज नव्हती, तीन दिवसांत इतक्यांदा उघडलं होतं की डायरी तिथेच उघडायची.

परवाचं सुजेचं इंजेक्शन.

"तुम्हाला सगळं माहीतच आहे," ताई म्हणाली होती. तो टोमणा नव्हता.

६

शुक्रवारी सुनावणीच्या खोलीत तीन सभासद, मधोमध अध्यक्ष, एका बाजूला साहेब. समोर बाकावर आप्पा, ताई, डॉक्टर आणि मामा. बाई उभ्या राहिल्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण आवाज ठीक निघाला.

"प्रश्न दोन आहेत. सुई कोणी टोचली, आणि चालेल असं कोण म्हणालं. पहिल्याचं उत्तर मामांनी काल दिलंय, आणि भिंतीची फळीही तेच सांगते. दुसऱ्याचं उत्तर आमच्या फायलीत आहे."

साहेबांचा बूट थांबला.

"डॉक्टरांनी ताईंना सांगितलं होतं, दुसऱ्या डोसआधी हापिसाला विचारा. माझ्या डायरीत त्या आठवड्यात फोन एकच, सोमवारचा. मी तो शनिवारच्या इंजेक्शनबद्दल समजले. पण शनिवारच्या इंजेक्शनची चिठ्ठी त्याच संध्याकाळी आमच्याकडे पोचली होती. मग सोमवारी फोन कशाला? देऊन झालेल्या इंजेक्शनला 'चालेल का' असं कोण विचारतं?" बाई वळल्या. "ताई, तुम्ही फोनवर काय बोललात? शब्दाला शब्द सांगा. मामांनी सगळं कबूल केलंय, आता कोणाला वाचवायला गप्प राहायचं कारण नाही."

ताईनं मामांकडे पाहिलं. मामा बाकाच्या लाकडाकडे बघत होते.

"म्हणाले, चुळबुळीला परवाचं सुजेचं इंजेक्शन, रविवारी पळायचीय, चालेल ना?"

"आणि उत्तर?"

"परवाचं ना, मग चालेल. असं म्हणून फोन ठेवला." "मी मामांना तसंच सांगितलं. तपासात मी हे बोलले असते, तर मामांनी सुई मारली हे बाहेर आलं असतं."

"परवाचं म्हणजे कधीचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"म्हणजे बुधवारचं. यायच्या बुधवारचं. दुसरं कधीचं असणार?"

"मी शनिवारचं समजले," बाई म्हणाल्या. "गेल्या शनिवारचं. सोमवारी उभं राहिलं, की दोन दिवस मागेही परवा आणि दोन दिवस पुढेही परवा. फोनवर चालेल म्हणणारा आवाज माझा आहे."

एक सभासद हसला आणि घाईघाईनं खोकला. साहेब दातांतल्या दातांत म्हणाले, "बाई, बसा. कबुली आहे आपल्याकडे. कशाला वाढवता?"

बाई बसल्या नाहीत. त्या मनापासून घाबरल्या होत्या. बावीस वर्षांची नोकरी, एकही डाग नाही, आणि तो डाग आज स्वतःच्याच हातानं लावायचा होता. पण त्या भरल्या बादलीचं दृश्य डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"मग चूक कोणाची लिहायची?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझी लिहा. तारीख न विचारता मी चालेल म्हटलं."

७

निकाल तासाभरात लागला. चुळबुळीची जीत गेली, कारण औषध कोणाच्याही चुकीनं अंगात गेलं तरी नियम तोच. डॉक्टरांना ताकीद मिळाली. मामांनी सुई हातात घेतली याची शिक्षा म्हणजे हे बाहेर काढलेले दिवस, आणि रविवारपासून पुन्हा कामावर. बाईंचा फोन आणि बाईंची सही सहा महिन्यांसाठी काढून घेतली. त्यांनी आता बाटल्यांवर लेबलं चिकटवायची.

जिन्यात ताईनं गाठलं. "मला वाटलं होतं, खुर्ची सांभाळायला तुम्ही मुद्दामच विसरलात."

"विसरायला आधी कळायला तरी हवं होतं," बाई म्हणाल्या. ताईनं त्यांचा हात धरला आणि तसाच फाटकापर्यंत नेला.

मामा फाटकाबाहेर त्याच जागी उभे होते.

"मामा, रविवारी सकाळी सहा वाजता आत यायचं."

"म्हणजे परवा."

"रविवारी."

"तेच हो. परवा."

बाईंनी वाद घातला नाही. पिशवीतल्या कागदावर तारीख, वार, वेळ लिहून तो मामांच्या खिशात घातला. मामा घुटमळले.

"बाई, तोवर... आज कुंपणावरून नुसती हाक मारली तिला, तर चालेल?"

बाईंचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"कुठल्या कुंपणावरून?"

"मागच्या. तिच्या खणाच्या."

"आत्ता?"

"आत्ता."

"बाहेरूनच? हात आत घालायचा नाही."

"बाहेरूनच हो."

"नुसती हाक? हातात काही नाही ना? दाणा, गूळ, काही?"

मामांनी दोन्ही हात उघडून दाखवले. रिकामे होते.

"चालेल," बाई म्हणाल्या.

मामा कुंपणाशी गेले आणि तोंडाभोवती हातांची ओंजळ धरून त्यांनी हाक मारली. आत खुरांची चाललेली खटखट एकदम थांबली. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बादली कडीवर आपटली, पुन्हा आपटली, आणि दाणा चावल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"लावलं तोंड," मामा म्हणाले, आणि बाहीनं डोळे पुसले.